तळाचं नाव

सोनापूर कॅम्प, दुबई
शुक्रवार, ७ नोव्हेंबर १९९७

दादा,

नमस्कार करतो. घ्यायचा की नाही ते तू ठरव. मागची पत्रं तू वाचलीस की चुलीत घातलीस, मला कळायला मार्ग नाही. वहिनी दुकानात फोनवर आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "आली होती पत्रं." एवढंच. मग आवाज खाली करून म्हणाली, "ह्यांना हल्ली धाप लागते." लागणारच. या वयात आपल्या कबड्डी मंडळाच्या पोरांबरोबर मैदानाला फेऱ्या मारतोस, विड्या सोडत नाहीस आणि वर माझ्यावरचा राग धरून बसतोस. हे सगळं एकदम कसं झेपेल?

नीलेशला मी इथे आणला त्या दिवशी एसटी स्टँडवर तू चारचौघांत म्हणालास, "माझ्या पोराला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस." तर ऐक, तुझ्या पोराला काहीही झालेलं नाही. उलट गालावर मांस चढलंय. तुला वाटतं मी त्याला फसवून हमालीला आणला. व्हिसावर हेल्पर लिहिलंय हे खरं, पण कंपनीचा कबड्डीचा संघ आहे हे मी तुला दहादा सांगितलं. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, या खेळाचं वेड आहे. पहिल्या संघातल्या मुलांना साइटवर काम नाही. एसीची खोली, रोज चिकन आणि शुक्रवारी ऊद मेथाच्या मैदानावर सामने. त्याच्याखाली पोरांचा दुसरा संघ आहे, नीलेश धरून दहा जणांचा. ती पोरं दिवसा साइटवर जातात आणि संध्याकाळी माझ्याकडे येतात. मी त्यांचा कोच. हसू नकोस.

आता खरी गंमत सांगतो. आमचे सदानंद साहेब, पुण्याचे, माणसं भरणं-काढणं सगळं तेच बघतात. पूर्वी अमेरिकेत होते. परवा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "भिकाजी, अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या टीम्स असतात ना, त्यांच्याखाली छोट्या टीम्स असतात. त्यातल्या यंग प्लेयर्सचं दरवर्षी रँकिंग करतात. टॉप टेन. उद्या कोण मोठ्या टीममध्ये जाणार, कोण नाही, सगळं पेपरवर. आपण तसंच करू. यू नो दीज बॉइज. लिस्ट तुम्ही द्या." त्यांचा मुलगा निखिल शाळा सुटल्यावर तिथेच येऊन बसतो. तो मान वर न करता म्हणाला, "बाबा, दे आर कॉल्ड प्रॉस्पेक्ट्स."

बेसबॉल काय असतं ते मला ठाऊक नाही. दांडक्याने चेंडू मारून चौकोनात पळतात म्हणे. पण पोरांचे नंबर लावायला मला अमेरिकेत जायची गरज नाही. सांगलीचा एक आहे, त्याने घोट्याला हात घातला की सुटका नाही, त्याला पहिला लिहिला. शिरूरचा एक आहे, उंच, मधला खेळतो, पण डोकं गरम. तो तिसरा. नगरचा विलास गुणी पोरगा, सगळ्यांचं पाणी भरतो, पण चढाईला गेला की मध्यरेषेकडेच बघत राहतो. त्याला नववा लिहिला.

आणि नीलेश? दादा, तुझ्या पोरासारखी चढाई इथल्या पहिल्या संघातही कोणाला जमत नाही. तू त्याला खाडीत बुड्या मारायला लावून जो दम कमावून दिलास, तो बघायला लोक जेवण टाकून उभे राहतात. समोरचे सात जण दमतात, हा आपला कबड्डी कबड्डी म्हणत हिंडतोय. तरीही मी मंडळाची रीत मोडली नाही. संघाची नावं लिहिताना संघनायक आपल्या घरचं नाव तळाला लिहितो, ही तूच लावलेली शिस्त. माझं नाव तू कायम तळाला लिहिलंस आणि पहिली चढाई कायम मलाच दिलीस. गावात शेंबड्या पोरालाही कळतं की तळाला आहे तो घरचा आणि तोच पट्टीचा. म्हणून मी नीलेशला दहावा लिहिला. काकाने पुतण्याला वर चढवला असं कोणी म्हणायला नको. तू असतास तरी हेच केलं असतंस.

भिकाजी


सोनापूर
शुक्रवार, २८ नोव्हेंबर १९९७

दादा,

यादी मेसच्या दारावर लागली. साहेबांनी टाइप करून, वर कंपनीचं चिन्ह वगैरे घालून लावली. पोरांनी गर्दी केली होती.

नीलेशची जागा थोडी बदलली आहे. कोणाकडून काहीबाही ऐकशील म्हणून आधीच लिहितो. तो सध्या जेबेल अलीच्या बाजूला टाक्यांवर आहे. तेलाच्या मोठ्या लोखंडी टाक्या असतात, रिकाम्या झाल्या की आतून साफ करायच्या. काम सावलीत आहे. बाकीची पोरं उन्हात पत्रे वाहतात, त्या मानाने बरंच म्हणायचं. नगरचा विलासही त्याच्याबरोबर आहे, म्हणजे सोबत आहे. आणि मुकादम कोण माहीत आहे? अलीमियाँ, आपल्या खाडीपलीकडचा. म्हणजे घरचाच माणूस. सगळं थोड्या दिवसांचं आहे, मी साहेबांशी बोलतोय.

ते तिकडेच राहतात, शुक्रवारी गाडी इकडे आणते. मागच्या शुक्रवारी आला तेव्हा कपड्यांना वास होता. मी स्वतः धुतले, तरी गेला नाही. जेवला नीट. माझ्याशी मात्र कमी बोलतो. "नीलेश, भाजी घे" म्हटलं की घेतो, "नीलेश, बरं आहे ना?" म्हटलं की ताटात बघतो. तुझाच मुलगा.

संध्याकाळी सरावाला आता दहा नाहीत, आठच पोरं येतात.

तू एकदा फोनवर ये. दुकान तुझ्या ओटीपासून किती लांब आहे? गुरवाच्या आवाराला वळसा घातला की आलं. धाप लागत असेल तर सावकाश चाल, मी फोन धरून उभा राहीन.

भिकाजी


सोनापूर
शुक्रवार, १९ डिसेंबर १९९७

दादा,

वहिनी फोनवर रडली. नीलेशने तुला लिहिलं म्हणे, "काकाने मला शेवटचा नंबर दिला, म्हणून मी टाकीत आहे." मग आता लपवून काय करू? खरं आहे.

सांगतो काय झालं ते. यादी दिली, साहेबांनी ती टाइप करून लावली. पुढच्या शनिवारी यादीतल्या शेवटच्या दोघांना गाडीत बसवलं. मी धावत केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, दहावा नीलेश म्हणजे माझा पुतण्या. तो सगळ्यात चांगला आहे. आमच्याकडे घरच्याचं नाव तळाला लिहायची पद्धत आहे."

साहेबांना आधी हसूच आलं. मग म्हणाले, "अहो भिकाजी, रँकिंग म्हणजे वन टू टेन. टेन म्हणजे टेन. बॉटम टू लेबर सप्लायला द्यायचे, दुसऱ्या कंपन्यांना भाड्याने, हे आधीच ठरलं होतं. अरबाबची सही झाली. खलास."

"ठरलं होतं तर मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिस्ट दिली असती?"

पुन्हा म्हटलं, नाव चुकून खाली गेलं. तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे लिस्ट चुकीची आहे? मग बाकीचे आठही चुकीचे असतील. मी अरबाबला तसं कळवतो. पूर्ण ज्युनियर टीम कॅन्सल होईल, सगळे सप्लायला. सांगा, कळवू?"

दाराबाहेर ती आठही पोरं उभी होती, दादा. सांगलीवाला नखं खात होता. मी म्हटलं, "नको साहेब. लिस्ट बरोबर आहे."

माझ्याच तोंडाने म्हणालो. नीलेश गाडीच्या खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी भांडायला गेलोय. मी बाहेर आलो आणि त्याला हाताने खूण केली, थांब, होईल काहीतरी. गाडी गेली.

पुढची यादी रमजान संपल्यावर. साहेबांनी शब्द दिलाय की पोरगा खरंच चांगला असेल आणि तेव्हा नंबर वर आला तर परत आणू. तोवर काय करू? पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, पोरगा टाकीत. मी सारखा विचार करतो की यात माझी चूक काय. तुझीच रीत, तुझीच शिस्त. आणि मग वाटतं, तू इथे असतास तर आधी विचारलं असतंस की या यादीचं करणार काय आहात. मी विचारलं नाही. साहेबाने कोच म्हटलं आणि मी फुगलो.

मला शिव्या घाल. पण लिहून घाल.

भिकाजी


सोनापूर
शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९९८

दादा,

रमजान झाला, ईद झाली. यादी आता चार दिवसांत द्यायची आहे.

तू वाचतोस असं धरून लिहितो. विलास नाही आता. म्हणजे काय झालं ते कोणी धड सांगत नाही. ईदच्या आदल्या आठवड्यात टाकीतून बाहेर काढला तेव्हा शुद्धीत नव्हता. कंपनीची गाडी आली, घेऊन गेली. कुठल्या हॉस्पिटलात नेलं विचारलं तर ड्रायव्हर म्हणतो, "मालूम नहीं, ऑफिस को पूछो." ऑफिस म्हणतं, घरी पाठवला. त्याची बॅग अजून तिकडच्या खाटेखाली आहे, मी गेलो तेव्हा बघितली. घरी जाणारा माणूस बॅग ठेवून जातो का? त्या खाटेवर आता नवा माणूस झोपतो, बिहारचा. त्याला काही माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

त्याला मी नववा लिहिला होता. तो नववाच होता, दादा, त्यात खोटं काही नव्हतं. तरी मला जेवण जात नाही.

परवा सुट्टी काढून मीच बस धरून जेबेल अलीला गेलो. टाकीला खालच्या बाजूला भोक असतं, माणूस रांगत जाईल एवढं. त्यातून पोरं एकेक बाहेर येतात आणि वाळूत बसतात. आपल्याकडे चार माणसं काम उरकून बसली की गलका असतो. इथे नुसतं बसणं. नीलेश बाहेर आला, मला बघितलं आणि म्हणाला, "काका, पाणी आहे?" एवढे दिवस रुसलेला पोरगा पाणी मागतो हे बघून मला आधी बरं वाटलं. मग पाणी पिताना मध्येच थांबला आणि खोकायला लागला. बराच वेळ खोकत होता.

अलीमियाँने मला बाजूला घेतलं. त्याची दाढी पांढरी झाली आहे. म्हणाला, "भिकाजीभाऊ, पोराला काढा हितून. पहिल्यांदा टाकीत डोकं दुखतं. मग दुखायचं थांबतं. दुखायचं थांबलं की मी घाबरतो."

"मास्क देत नाहीत?"

"फडकं देतात. ओलं करून बांधायचं. मी काय करू? मी बोललो तर मलाच उद्या व्हिसा कॅन्सल."

निघताना मी नीलेशला विचारलं, "डोकं दुखतं का रे?" म्हणाला, "नाही काका, आता नाही दुखत."

यावेळी त्याला पहिला लिहिणार. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मंडळाची रीत मंडळात.

भिकाजी


सोनापूर
शुक्रवार, २० फेब्रुवारी १९९८

दादा,

नीलेश परत आला. माझ्या खोलीतच झोपतो. हे आधी वाच आणि वहिनीला सांग. पुढचं तिला सांगू नकोस.

यादी लागली, पहिला नीलेश. सगळ्या पोरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तळाला कोणाला लिहिला ते मी तुला सांगणार नाही. त्याची आई अजून मला फोनवर "भाऊ, माझ्या पोराला सांभाळा" म्हणते.

साहेब म्हणाले, पहिला नंबर आहे तर बघू तरी. काल मैदानावर आले, खुर्ची टाकून बसले. अरबाबचा भाऊही आला होता. समोर पहिल्या संघाचे सात जण. मी नीलेशला म्हटलं, घाई करू नकोस, नुसता दम धरून हिंड, तू हिंडलास तरी ते बघत बसतील. त्याने माती कपाळाला लावली आणि गेला.

सुरुवात तशीच झाली. तोच खणखणीत आवाज. उजव्या कोपऱ्याला हूल दिली, मधल्याला मागे रेटला, पाय टाकला, स्पर्श केला. एक गडी बाद. सगळे ओरडले. आता फक्त मागे फिरायचं होतं. वळला आणि आवाज तुटला. कबड्डी म्हणता म्हणता नुसता क क असा आवाज यायला लागला. रेषा हातभर लांब होती. कोणी त्याला धरलं नव्हतं, दादा. कोणीही नाही. तो आपोआप गुडघ्यावर बसला आणि छाती धरून ओकल्यासारखं करायला लागला. पहिल्या संघाच्या पोरांना पकडायचं की उचलायचं ते कळेना.

ज्याला तू खाडीत बुडी मारायला लावायचास आणि घाबरून वहिनी काठावरून ओरडायची, तो पोरगा मध्यरेषेपर्यंत परत येऊ शकला नाही.

साहेब खुर्चीतून उठले. "भिकाजी, हा नंबर वन?" मी म्हटलं, टाकीतल्या हवेने झालंय. ते म्हणाले, "मेडिकल तर क्लियर आहे." कंपनीच्या डॉक्टरने डस्ट म्हणून खोकल्याची बाटली दिली आहे, लाल, गोड. "ऊद मेथाची टूर्नामेंट होऊ दे. तोवर सुधारला तर ठीक, इन्शाल्ला. नाहीतर मला रिव्ह्यू करावा लागेल." रिव्ह्यू म्हणजे काय ते आता मी विचारतो. म्हणजे टाकी.

मला दिसतंय ते तुला सांगतो, कोच म्हणून सांगतो. तो सुधारणार नाही, निदान इथे नाही. आज कोणी मला प्रामाणिक यादी मागितली तर मी त्याला खरंच दहावा लिहीन.

भिकाजी


सोनापूर
मंगळवार, ३ मार्च १९९८

दादा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. शारजाचा रोशन, आपल्या वरच्या वाडीतल्या सुताराचा, शिमग्याला गावी येतोय. परवा रात्रीचं विमान आहे. त्याच्या हाती देतो. तो थेट तुझ्या हातात देईल. दुसऱ्या कोणासमोर वाचू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही, दुकानात अर्धा गाव कान लावून असतो.

नीलेशला घरी पाठवायचं आहे. साहेबांकडे रजा मागितली. म्हणाले, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे, आजारपणाला इथे डॉक्टर आहे. रजा फक्त आई किंवा बाप गेला तर. टूर्नामेंट पुढच्या शुक्रवारी, त्यानंतरच्या शनिवारी टाकीची गाडी. या दोन्हींच्या आत त्याला विमानात बसवायचा आहे.

म्हणून मागतो ते ऐक. तार कर. FATHER EXPIRED SEND NILESH. एवढेच शब्द, इंग्रजीत, कंपनीच्या पत्त्यावर. सीरियस लिहू नकोस. आमच्या लोकांनी आजवर इतके आईबाप सीरियस केलेत की सीरियसवर आता कोणी पासपोर्ट काढत नाही. काका गेला तर चालत असतं तर मीच मेलो असतो, पण काकाला रजा नाही आणि मी इथे त्यांच्या डोळ्यांसमोर हिंडतोय.

जिवंत माणसाला असली तार करायला सांगतोय हे मला समजतं. वहिनीचं नाव घालायचं धाडस झालं नाही. तुझं घालतो, कारण तू खमका आहेस, असल्या अपशकुनाला भीक घालणारा नाहीस. तारेत मेलास तर उलट आयुष्य वाढतं म्हणतात. वाढू दे. मला शिव्या घालायला तुला ते लागेलच.

माझं तोंड बघू नकोस, काही हरकत नाही. तुझ्या पोराचं बघ.

वहिनीने मागे धापेचं सांगितलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलंस का? विड्या बंद कर.

भिकाजी


सोनापूर
मंगळवार, १० मार्च १९९८

दादा,

तार रविवारी सकाळी आली. FATHER EXPIRED SEND NILESH. मी सांगितले तेच शब्द, त्याच क्रमाने. खाली वहिनीचं नाव.

मला इतका आनंद झाला की ऑफिसात तोंड लपवावं लागलं. मी हिशेब केला की रोशन शुक्रवारी मुंबईत उतरला, शनिवारी गावात पोचला, तू पत्र वाचलंस आणि उभ्या उभ्या कोणाला तरी तालुक्याला पिटाळलंस. मनात म्हटलं, दादा बोलत नाही, पण वेळेला धावला. एवढ्या वर्षांत माझं एक तरी ऐकलंस म्हणून डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं भावासाठी रडतोय. ते खुर्चीतून उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी, भिकाजी. मुलाला आजच्या आज मोकळा करतो." स्वतः कपाट उघडून पासपोर्ट काढला.

नीलेशला मी खोलीत नेऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. "बाबा ठणठणीत आहेत. हे आपलं नाटक आहे. साहेबांसमोर जरा रड, फार नको." तो बघतच राहिला. मग म्हणाला, "काका, बाबांनी अशी तार केली? माझ्यासाठी?" आणि हसायला लागला. हसता हसता खोकला. पण कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसताना बघितला त्याला. ऑफिसात छान रडला. बाहेर आल्यावर मला डोळा मारला.

काल संध्याकाळी बाजारातून तुझ्यासाठी चपला घेतल्या त्याने. जाड तळव्याच्या. दुकानदार दोनदा माप विचारत होता, तर हा म्हणाला, "बाबांचा पाय मला पाठ आहे." माझ्यावर रागावलेला राहिला नाही तो. विमानतळावर माझ्या पाया पडला, म्हणाला, "काका, मी बाबांना सांगतो सगळं. ते तुमच्याशी बोलतील." रात्रीच्या विमानाने गेला.

आज दुपारी रोशन कॅम्पवर आला.

मी म्हटलं, "अरे, तू इथे कसा?" तर म्हणाला, "काका, आमच्या मुदीरने, मॅनेजरने, ऐन वेळी पासपोर्ट सोडला नाही. आता शनिवारी जातोय. तुमचं पत्र माझ्याकडेच आहे, म्हटलं तुम्हाला आणखी काही द्यायचं असेल तर विचारावं." आणि बॅगेच्या कप्प्यातून पत्र काढलं. मी चिकटवलं होतं तसंच होतं.

तो बोलत होता, मी ऐकत नव्हतो. त्याला चहा दिला की नाही तेही आठवत नाही.

नंतर फोनच्या बूथवर गेलो. रांग होती, उभा राहिलो. माझी पाळी आली तशी मागच्या माणसाला म्हटलं, तू कर आधी. तो झाला, मग त्याच्या मागच्याला पुढे केलं. असं करत करत रांगेत मी एकटाच उरलो. बूथवाला म्हणाला, "क्या हबीबी, फोन करना है कि नहीं?" मी परत खोलीत आलो आणि हे लिहायला बसलो. तुला लिहितोय. दुसऱ्या कोणाला काय लिहू?

कदाचित तुला कोणी सांगितलं असेल. नीलेशने तुला टाकीचं लिहिलंच होतं, आणि तुझं तुलाच सुचलं असेल की अशी तार केल्याशिवाय सोडत नाहीत. इथून परत गेलेले आपल्या गावात कितीतरी आहेत, त्यांतल्या कोणी तरी सांगितलं असेल. शब्दही सगळे हेच घालतात. असं होऊ शकतं. होऊ शकतं ना, दादा?

नीलेश आज मुंबईत असेल. रात्रीच्या एसटीत बसेल आणि उद्या सकाळी उतरेल. त्याला गाठायला माझ्याकडे काही साधन नाही. मी त्याला सांगून ठेवलंय की बाबा ओटीवर बसलेले असतील, आधी दोन शिव्या घालतील, त्या गुपचूप ऐकून घे आणि मग चपला दे. तो हसतच घरात शिरेल. वाटेत कोणी काही बोललं तरी नाटकातलंच समजेल.

दादा, उद्या सकाळी ओटीवर बस.

भिकाजी